बोटीच्या डेकचा गाभा सडला तर: होळीला उघडा, आखाजीच्या आत मिटवा

भुसावळजवळ तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर माझी १८ फुटी फायबरची बोट आहे. हिवाळ्यात पक्षी बघणारे तिच्यात बसतात, एरवी गावातले भाऊबंद जाळी घेऊन जातात. काही वर्षांपूर्वी पुढच्या क्लीटजवळ (दोर बांधायच्या खुंटीजवळ) डेकवर पाय ठेवला आणि पाय किंचित आत गेला, मळलेली कणीक दाबावी तसा. सोबतच्या पोराने वाकून अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "सडी गये भो." मी ऐकलं नाही. फटीत पुट्टी भरली, वरून रंग मारला आणि निवांत झालो. ताटाएवढा असलेला डाग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दाराएवढा झाला. त्या दाराएवढ्या डागाने जे शिकवलं ते खाली लिहितोय. पहिल्यांदाच ग्राइंडर हातात घेणाऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय, त्यामुळे जुन्या मिस्तरींनी काही ओळी सोडून वाचल्या तरी चालेल.

आधी एक गैरसमज. समुद्रातली बोट लवकर सडत असेल, आपली गोड्या पाण्यातली टिकत असेल, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. लाकूड खाणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. लोणचं ज्या कारणाने टिकतं तेच हे कारण. गोडं पाणी, मग ते तापीचं असो नाहीतर पावसाचं, तिला फार आवडतं. म्हणून धरणातल्या बोटीच्या डेकवर कोकणातल्या बोटीपेक्षा जास्त लक्ष ठेवावं लागतं.

डेकच्या पोटात काय असतं

खापरावरची पुरणपोळी आठवा. वर पातळ पापुद्रा, खाली पातळ पापुद्रा, मध्ये सारण. डेक तसाच असतो. वर फायबरची साल, खाली फायबरची साल आणि मध्ये लाकडाचा गाभा. आपल्याकडच्या बोटींत हा गाभा बहुतेक प्लायचा असतो. परदेशी बनावटीच्या जुन्या बोटींत बाल्सा नावाचं अगदी हलकं लाकूड उभ्या धाग्यांनी बसवलेलं सापडतं. नुसती साल दोन-तीन मिलिमीटरची, ती माणसाचं वजन पेलणार नाही. दोन सालींना एकमेकींपासून लांब आणि एकमेकींशी घट्ट धरून ठेवायचं काम गाभा करतो, त्यातून डेकला ताठपणा येतो. वह्यांची चळत वाकवून पाहा, सहज वाकते, कारण वह्या एकमेकींवरून सरकतात. त्याच वह्या डिंकाने चिकटवल्या तर लाकडी फळी होते. गाभा सडला किंवा सालीपासून सुटला की डेकची पुन्हा वह्यांची चळत होते.

पाणी आत शिरतं ते जवळजवळ नेहमी भोकांतून. क्लीट, कठड्याचे पाय, झाकणाच्या बिजागऱ्या, खुर्चीचे स्क्रू. ज्याने कोणी ड्रिल मारून सरळ स्क्रू आवळला, त्याने पाण्याला दार उघडून दिलं. प्लायच्या थरांमधून पाणी आडवं पसरत जातं. दोन्ही बाजूंनी फायबर असल्यामुळे ते बाहेर पडत नाही, आतल्या आत शिजत राहतं.

वेळ कधीची धरायची

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि बाहेरच्या माहितीपत्रकांत ती मिळत नाही, कारण ती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असतात. त्यांची सगळी धडपड लाकूड सुकवण्यासाठी असते. हिटर लावा, तंबू ठोका, महिनाभर थांबा. आपल्याकडे सुकवणं फुकट आहे. आपला वैरी रेझिनच्या, म्हणजे फायबर आणि लाकूड चिकटवणाऱ्या रसायनाच्या, डब्यात बसलेला असतो.

रेझिन इपॉक्सी असो वा पॉलिएस्टर, त्यात हार्डनर (घट्ट करणारा द्रव) मिसळला की ते स्वतःच तापतं आणि घट्ट व्हायला लागतं. ढोबळ हिशोब असा की हवेचा पारा १० अंशांनी चढला की हातातला वेळ निम्मा होतो. २५ अंशांना अर्धा तास मिळत असेल तर ३५ ला पाव तास, आणि भुसावळचा मे महिना म्हणजे ४५, तिथे सात-आठ मिनिटं. मी पहिल्या वर्षी मे महिन्यात दुपारी चार वाजता अर्धा लिटर इपॉक्सी प्लॅस्टिकच्या मगात कालवलं. ब्रश बुडवेपर्यंत मगातून धूर निघाला, प्लॅस्टिक वाकडं झालं आणि आत पिवळा दगड तयार.

दुसऱ्या टोकाला डिसेंबर-जानेवारी. आपल्याकडच्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात तेव्हा इपॉक्सी दोन-दोन दिवस चिकट राहतं. शिवाय तेव्हा बोटीला गिऱ्हाईक असतं.

म्हणून माझा नेम ठरलेला आहे: होळीच्या सुमारास डेक उघडायचा, मार्चच्या कोरड्या उन्हात सुकू द्यायचा आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत सगळं बंद करायचं. तोवर धरणाचं पाणीही उतरलेलं असतं, बोट काठावर ओढायला सोपी जाते. आखाजीनंतर फक्त रंग आणि किरकोळ कामं. एकदा पावसाळा लागून हतनूरचे दरवाजे उघडायला लागले की उघडा डेक घेऊन बसायची सोय नाही.

नंदुरबारकडे, अक्कलकुवा-धडगाव भागात, नर्मदेच्या फुगवट्यावरच्या काही गावांना बोट हाच रस्ता आहे. तिथे दोन महिने बोट बंद ठेवणं परवडत नाही. त्यांनी एका वेळी हातभर तुकडा उघडावा, तो पूर्ण मिटवावा आणि मग पुढचा घ्यावा. वेळ जास्त लागतो, पण चालतं.

बोट यांत्रिक असेल आणि प्रवासी नेत असेल तर अजून एक. इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ खाली अशा बोटीला तपासणी आणि नोंदणी लागते. डेकचा मोठा भाग कापण्याआधी नोंदणी करणाऱ्या कार्यालयात विचारून घ्या. नंतर विचारलं तर उत्तर महाग पडतं.

सडलंय कुठवर

पाच रुपयांचं नाणं घ्या किंवा लहान हातोडीचा दांडा. डेकवर वीतभर अंतराने ठोकत चला. निरोगी जागी टक्-टक् असा कडक आवाज येतो. सुटलेल्या किंवा सडलेल्या जागी ढब्-ढब्, मातीच्या फुटक्या मडक्यासारखा. ज्या घरात टरबूज वाजवून घेतात तिथल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. खडूने सीमारेषा आखा. मग त्या रेषेच्या बाहेर आणखी वीतभर ठोका, कारण पहिली रेषा नेहमी छोटी पडते.

आवाजावर पूर्ण भिस्त ठेवू नका. लाकूड ओलं असतं पण अजून सुटलेलं नसतं, तेव्हा आवाज बरा येतो. म्हणून ५ मिलिमीटरच्या ड्रिलने तपासणीची भोकं पाडा. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोलीची खूण करा, म्हणजे खालची साल फुटणार नाही. बाहेर आलेला भुसा चिमटीत धरा. फिका, कोरडा, लाकडाचा वास असलेला असेल तर बरं. काळपट, ओला, कुजक्या पाचोळ्याच्या वासाचा असेल तर ती जागा गेली. भुशाचा रंग बदलेपर्यंत बाहेरच्या बाजूला भोकं पाडत जा. डाग काढताना रुग्ण दगावेल अशी भीती वाटते, पण ही भोकं नंतर इपॉक्सीने दोन मिनिटांत भरतात.

ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर मिळालं तर घ्या. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीला वाढता येत नाही. रेझिन लावताना मात्र मला १२ च्या आसपास लागतो, आणि मार्चमध्ये आपल्याकडे तो कष्टाशिवाय मिळतो.

इथेच एक शॉर्टकट कोणीतरी सुचवेल: भोकं पाडा, सिरिंजने इपॉक्सी भरा, झालं. गाभा कोरडा आणि ठणठणीत असून फक्त सालीपासून सुटला असेल तर हे खरंच चालतं. सडलेल्या, ओल्या लाकडात मात्र इपॉक्सी शिरत नाही, पाणी आत कोंडलं जातं आणि पुढच्या वर्षी तेच काम दुप्पट होऊन समोर येतं. आणि सड ट्रान्समपर्यंत, म्हणजे इंजिन लटकतं त्या मागच्या भिंतीपर्यंत किंवा इंजिनाच्या बैठकीपर्यंत गेली असेल तर पहिल्या कामात हात घालू नका. जाणता माणूस बोलवा.

सामान

प्लाय घेताना फळीवर आयएस ७१० चा शिक्का बघा. दुकानदार त्याला मरीन किंवा बीडब्ल्यूपी म्हणतो. आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक. शिक्का खोटा असू शकतो, म्हणून चार बोटांएवढा तुकडा मागून घ्या आणि घरी पातेल्यात दिवसभर उकळा. थर सुटले तर त्या दुकानात परत जाऊ नका. पण ७१० म्हणजे अमर असंही नाही. तिचा डिंक पाण्याला दाद देत नाही, लाकूड मात्र वर्षानुवर्षं ओलं ठेवलं तर शेवटी लाकूडच आहे.

रेझिन कोणतं, यावर फायबरवाले आणि मी नेहमी भांडतो. टाक्या, पत्रे बनवणारे सगळे पॉलिएस्टर वापरतात, स्वस्त आहे, हात बसलेला आहे. नवीन बोट साच्यात घडवायला ते उत्तम. दुरुस्तीत मात्र जुन्या सुकलेल्या सालीला आणि लाकडाला चिकटायचं असतं, तिथे इपॉक्सी कितीतरी घट्ट धरतं. डेकच्या गाभ्यासाठी मी इपॉक्सीच सांगेन. एक नियम पाठ करा: जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालतं, सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. त्यामुळे एकदा इपॉक्सी लावलं की वरपर्यंत इपॉक्सीच.

कापडही त्याप्रमाणे बदलतं. फायबरवाल्याकडची नेहमीची मॅट, तुटक्या धाग्यांची, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने मऊ पडते. इपॉक्सीत तसं होत नाही, ती ताठ राहते आणि कोपऱ्यात उचलते. इपॉक्सीसोबत विणलेलं किंवा शिवलेलं काचेचं कापड घ्या.

बाकी यादी घरातली आहे. इपॉक्सी घट्ट करायला सिलिका पावडर (फायबरच्या दुकानात एरोसिल म्हणून मागतात), अ‍ॅसिटोन, स्वयंपाकाचा डिजिटल काटा, टाइल्सवाल्याची दातेरी पट्टी, ४० आणि ८० नंबरचे पॉलिश पेपर, नायट्राइलचे हातमोजे. आणि मल्चिंग पेपर! टरबूज-मिरचीच्या शेतातला उरलेला तुकडा कुठल्याही बांधावर मिळतो. तो पॉलिथिनचा असतो आणि इपॉक्सी पॉलिथिनला चिकटत नाही. वजन ठेवताना मध्ये टाकायला यापेक्षा चांगली वस्तू मला सापडलेली नाही. मात्र धुऊन, कोरडा करून घ्या.

डेक उघडणं

आधी बोटीच्या आतून, खालच्या सालीला आधार द्या. फळी आणि खाली टेकू, सेंट्रिंगवाले स्लॅबला देतात तसे. गाभा निघाला की खालची साल चादरीसारखी झोल खाते, आणि त्या झोलातच नवा गाभा चिकटला तर डेकवर कायमचं डबकं होतं. डेकला मध्ये थोडी फुगीर गोलाई असते, पाणी वाहून जावं म्हणून. टेकू देताना ती दोरी धरून तपासा.

नंतर खडूच्या रेषेवर ग्राइंडरने किंवा खोली लावता येणाऱ्या कटरने फक्त वरची साल कापा. कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यात नंतर तडा जातो. कडेला कठडा किंवा उभी भिंत असेल तर तिच्यापासून ५ सेंटिमीटर जुनी साल शिल्लक ठेवा, जोड द्यायला तीच जागा लागते. कापलेला तुकडा पटाशीने हळूहळू सोडवा. तो अखंड निघाला तर फेकू नका. त्यावर पुढची दिशा लिहून ठेवा, तेच झाकण परत बसवायचंय.

मास्क ग्राइंडर सुरू करायच्या आधीच लावा. काचेची धूळ आणि घाम एकत्र आले की अंगाला जी खाज सुटते ती दोन दिवस झोपू देत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याला उपरणं, डोळ्यांना चष्मा. आंघोळ थंड पाण्याने. हे कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायला टाकले तर काय ऐकावं लागतं ते मी इथे लिहीत नाही.

गाभा पटाशीने आणि खरवडणीने काढा. सडलेला भाग हाताने निघतो, अगदी भिजलेल्या खारीसारखा. कडेला चांगलं लाकूड लागेपर्यंत जा आणि चांगल्या लाकडात अजून दोन-तीन सेंटिमीटर आत जा. खालच्या सालीवर डिंकाचे, लाकडाचे पापुद्रे राहतात, ते ४० नंबरने घासून काढा. साल गुळगुळीत नको, खरखरीत आणि मळकट पांढरी दिसली पाहिजे.

सुकवणं

इथे फार सांगण्यासारखं नाही. दिवसा उघडं, रात्री ताडपत्री, हवा खेळेल इतकी वर उचललेली. आठ-दहा दिवसांनी रात्री एक पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कडेच्या जुन्या लाकडावर चारी बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आतून दवासारखे थेंब दिसले तर अजून थांबा. बाल्सा लवकर सुकतो, प्लाय डिंकाच्या थरांमुळे हट्टीपणा करते.

नवा गाभा बसवणं

जुन्या गाभ्याच्या जाडीचीच प्लाय घ्या. गोलाई जास्त असेल तर १२ मिलिमीटरची फळी वळणार नाही. ६-६ च्या दोन घ्या आणि वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. विटांची भिंत रचतात तसं. मोठा डाग असेल तर तुकडे करा, हातात धरता येतील एवढे. चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा, तिथे रेझिन भरेल. प्रत्येक तुकड्यात १०-१५ सेंटिमीटरवर ४ मिलिमीटरची भोकं पाडा, खाली अडकलेली हवा बाहेर पडायला. तुकडे एकदा कोरडे बसवून पाहा, नंबर टाका. रेझिन लावलेल्या हातांनी कोडं सोडवायची वेळ येऊ देऊ नका.

आता दिवसाच्या कोणत्या वेळी काम करायचं ते. पहाट थंड असते म्हणून सगळे पहाटे सुरू करतात. मीही केलं आणि फसलो. लाकडाच्या नळ्यांत हवा असते. पहाटे रेझिन लावलं, आठ वाजता ऊन चढलं, लाकूड तापलं, आतली हवा फुगली आणि रेझिनमधून बुडबुडे वर आले. सगळ्या पृष्ठभागावर देवी आल्यासारखे फोड. उलट संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावा. लाकूड थंड होत जातं, आतली हवा आकसते आणि रेझिनला आत ओढून घेते. तेच रेझिन, तेच लाकूड, फरक फक्त सूर्याच्या बाजूचा. बोट दुपारी चारपासून सावलीत हवी, काम दिवेलागणीला सुरू, आणि रात्री दहापर्यंत हात धुऊन मोकळं.

इपॉक्सी आणि त्याचा हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच, काट्यावर मोजून. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते नीट वाचा, दोन्ही एक नसतात. हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकतं हा पॉलिएस्टरवरून आलेला समज आहे. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर तसाच न जुळता पडून राहतो आणि रेझिन कायमचं मऊ राहतं. दुकानातून हळू सुकणारा हार्डनर मागा. एका वेळी २०० ग्रॅमच्या वर कालवू नका, आणि कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. खोल मगात ते स्वतःच्याच उष्णतेने पेटतं, ट्रेमध्ये थंड राहतं. उरलेलं रेझिन पत्र्याच्या डब्यात, उघड्यावर, वाळलेल्या गवतापासून लांब.

ज्यांना तरीही पॉलिएस्टरच वापरायचंय त्यांच्यासाठी एक ओळ, पण ती जिवाची आहे: जांभळा कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो) आणि एमईकेपी नावाचा हार्डनर एकमेकांत कधीही थेट मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा, आणि पाण्याची बादली शेजारी.

क्रम असा. खालची साल अ‍ॅसिटोनने पुसा, कोरडी होऊ द्या. सालीला आणि प्लायच्या सगळ्या बाजूंना पातळ इपॉक्सीचा हात द्या. कापलेल्या कडांना दोनदा, कारण लाकूड कडेने पाणी पितं तसं रेझिनही कडेनेच पितं. ते ओलं असतानाच उरलेल्या इपॉक्सीत सिलिका मिसळून श्रीखंडाएवढं घट्ट करा आणि दातेरी पट्टीने खालच्या सालीवर पसरा. प्लायचा तुकडा ठेवा, दोन्ही हातांनी दाबत थोडा पुढेमागे सरकवा. भोकांतून आणि फटींतून रेझिन वर आलं की समजा खाली पोकळी नाही. एखाद्या भोकातून काहीच आलं नाही तर तुकडा उचला, माल वाढवा, परत ठेवा. लाजू नका, ती पोकळी उद्या ढब्-ढब् वाजणार आहे.

वर मल्चिंग पेपर आणि त्यावर वाळूच्या गोण्या. युरियाच्या रिकाम्या गोणीत निम्मी वाळू भरली की ती डेकच्या आकाराप्रमाणे बसते. (वाळू गोणीभरच हो, तापीच्या वाळूवरून आपल्याकडे पुरेशी भांडणं आहेत.) विटा किंवा दगड नकोत, ते एकाच जागी दाबतात. वजन सगळीकडे सारखं, खूप नाही. जास्त दाबलं तर सगळं रेझिन बाहेर येऊन सांधा उपाशी राहतो.

एक चूक माझ्याकडून दुसऱ्या वर्षी झाली. रेझिनला गारवा मिळावा म्हणून मी शेडमध्ये घरचा कूलर आणून लावला. सकाळी सगळ्या इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर. ताज्या इपॉक्सीला दमट हवा लागली की हार्डनरमधला भाग वर येऊन असा थर धरतो. त्यावर पुढचा हात धरत नाही आणि नुसतं घासलं तर तो आणखी आत चोळला जातो. साध्या पाण्याने आणि भांड्याच्या स्क्रबरने धुवायचा, कोरडं पुसायचं, मग पॉलिश पेपर. खरं तर कूलर नसला तरी प्रत्येक हातानंतर हे धुणं करावंच.

वरची साल

जुनं झाकण अखंड असेल तर त्याची खालची बाजू घासून, त्याच श्रीखंडी इपॉक्सीवर ते परत बसवा, वर वजन. झाकण तुटलं असेल तर नवी साल घालावी लागते, विणलेल्या कापडाचे थर, जुन्या सालीच्या जाडीला पुरेल इतके. विणलेल्या कापडाला जवळपास त्याच्या वजनाएवढं रेझिन लागतं, कापड पारदर्शक होईपर्यंत. वर रेझिन साचून चकाकत असेल तर ते जास्त झालं, रोलरने काढून घ्या. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद असं वाटतं. ताकद काचेच्या धाग्याची असते, रेझिन फक्त त्याला धरून ठेवतं.

दोन्ही प्रकारांत कडेचा सांधा महत्त्वाचा, आणि नवखे नेमके तिथे घाई करतात. जुन्या सालीची कड ग्राइंडरने तिरपी उतरती करा, जाडीच्या बारापट लांब. साल ३ मिलिमीटरची असेल तर उतार साडेतीन सेंटिमीटरच्या थोडा वर. झाकण परत बसवलं असेल तर त्याच्याही कडेला तसाच उतार द्या, म्हणजे सांध्यावर उथळ दरी तयार होते. ती दरी कापडाच्या पट्ट्यांनी भरायची, प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा थोडी रुंद. आपण दरी करतो ते चिकटायला जागा मिळावी म्हणून. टोकाला टोक लावून वरून पुट्टी फासली तर पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढी चीर पडते आणि पाणी तिची वाटच बघत असतं.

सुकल्यावर उंचवटे ८० नंबरने उतरवा. खड्डे हलक्या पुट्टीने भरा.

भोकं, म्हणजे मूळ दुखणं

एवढं करून क्लीट पुन्हा सरळ स्क्रूने आवळली तर सगळं पाण्यात. बोल्ट ६ मिलिमीटरचा असेल तर वरून १२ चं भोक पाडा, वरची साल आणि गाभा, खालची साल शाबूत. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये अडकवून भोकाच्या आत फिरवा, म्हणजे गाभा सालीखाली अजून थोडा कोरला जातो. भुसा झटका, आतल्या लाकडाला पातळ इपॉक्सी पाजा आणि मग घट्ट इपॉक्सीने भोक काठोकाठ भरा. दोन दिवसांनी त्याच जागी ६ चं भोक आरपार पाडा. आता बोल्ट इपॉक्सीच्या खुंटातून जातो, लाकडाला त्याचा स्पर्शच नाही. सील पुढे-मागे फाटला तरी पाणी खाली बोटीत टपकेल, गाभ्यात शिरणार नाही.

भोकाच्या तोंडाला किंचित उतार द्या आणि पॉलियुरेथेन सीलंट भरा. बोल्ट पहिल्या दिवशी सील बाहेर येईपर्यंतच आवळा, पूर्ण आवळणं दुसऱ्या दिवशी, नट फिरवून, बोल्ट जागचा न हलवता. बाथरूमचं सिलिकॉन इथे नको. ते ज्या जागेला लागलं तिथे नंतर ना रंग धरतो ना इपॉक्सी. खाली रुंद वायसर किंवा जाड पत्र्याची पट्टी.

रंग

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, उघडं राहिलं तर पिवळं पडून भुकटी होतं. त्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट (फायबर बोटीवरचा चकचकीत रंगीत थर) नीट सुकत नाही, म्हणून दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्या. रंग पांढरा किंवा फिका. एका गाववाल्याने हौसेने गर्द निळा डेक केला होता. मे महिन्यात त्यावर अनवाणी उभं राहता येत नव्हतं. घरगुती हवेत सुकवलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांपासून मऊ पडू लागतं आणि आपल्या उन्हात गर्द रंग तिथे सहज पोहोचतो. चालायच्या जागी ओल्या रंगावर चाळलेली कोरडी वाळू भुरभुरा, जास्तीची झाडून टाका, वरून आणखी एक हात द्या. पाय घसरत नाही.

पहिल्या जोराच्या पावसानंतर बोटीत उतरून डेकच्या खालच्या बाजूने प्रत्येक नटाला बोट लावा. ओलं लागलं तर तेवढाच बोल्ट काढून पुन्हा सील करा, पाच मिनिटांचं काम आहे. मी प्रत्येक क्लीटखाली आतल्या बाजूला पक्क्या शाईच्या पेनने सील केल्याचं साल लिहून ठेवतो, आणि दर होळीला पाच रुपयांचं नाणं घेऊन डेकवर एक फेरी मारतो.